आमी दोघंच होतो

या सदरात लोक जे काही लिहितात ते मी आजवर वाचत आले ते फक्त करमणूक म्हणून. कुणाच्या मावसभावाला घाटात कोण दिसलं, कुणाच्या खोलीत पैंजण वाजले... दुपारच्या चहासोबत छान टाइमपास होतो. राग मानू नका, पण मी अकोल्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. रोज एका नवीन माणसाच्या हातात स्टिअरिंग देऊन त्याच्या शेजारी बसते आणि भर बाजारातून गाडी काढायला लावते. ज्या माणसाला ब्रेक कुठला आणि अॅक्सिलरेटर कुठला हे ऐन वेळी आठवत नाही, त्याच्याइतकं भयानक भूत मी तरी ऐकलेलं नाही. माझ्या गाड्यांना लिंबू-मिरचीसुद्धा बांधलेली नसते. सासूबाई बांधायच्या, मी सोडून टाकायचे.

तरी आज लिहायला बसले आहे. गेल्या मे महिन्यात अमरावतीला जे झालं ते घरात इतक्या वेळा सांगून झालंय की आता मी तोंड उघडलं की पोरगी उठून जाते. तुम्ही तरी ऐका.

आधी सिनेमाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमचे बाबा अमरावतीत एका सिनेमा वितरकाकडे नोकरीला होते. नव्या पोरांना माहीत नसेल, पण एके काळी आपल्या या सगळ्या टापूतले सिनेमे अमरावतीहूनच जायचे. मुंबईहून रिळांच्या पेट्या यायच्या आणि इथून बसनं, रेल्वेनं गावोगाव रवाना व्हायच्या... धामणगाव, चांदूर, पार तिकडे मेळघाटच्या पायथ्यापर्यंत. पेट्या लावणं, तुटलेली रिळं जोडणं, नको तो भाग कापणं, ही बाबांची कामं. त्यामुळे आम्हा भावंडांना पहिल्या आठवड्यात फुकट सिनेमा! वर्गात भाव खायला तेवढं पुरायचं.

मी नऊएक वर्षांची असताना एक लढाईचा सिनेमा आला. नाव मुद्दाम सांगत नाही, खाली भांडणं सुरू होतील. भलता लांब होता. पहिल्या आठवड्यात लोक कंटाळून उठून जायला लागले, तसा मुंबईहून फोन आला की कापा. बाबांनी कात्री घेतली आणि चांगला पाऊण तासाचा माल काढून पेटीत टाकला. नंतर जगानं पाहिला तो हा छोटा सिनेमा. मी पाहिला होता लांबचा, बाबांच्या शेजारी बसून. माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा गोवर येऊन घरी पडला होता, त्यानं नंतर छोटा पाहिला.

झालं, तेव्हापासून आमचं भांडण! दादा म्हणतो छोटाच चांगला. "धडाधड लढाई, झेंडा, मामला खतम. तुह्या लांबच्यात काय हाये? निरा रडारड!" आणि मी म्हणते की ज्यानं लांबचा पाहिला नाही त्यानं तो सिनेमाच पाहिला नाही. दादाच्या लग्नात पंगतीत आम्ही यावरून भांडलो होतो. वहिनी नवीन नवरी, तिला वाटलं जमिनीचा वाद आहे.

माझा जीव कशात अडकला होता ते सांगते. लांबच्या सिनेमात एक सीन आहे. डोंगरावरच्या चौकीवर तोफगोळा पडतो आणि बंकरचं तोंड दगडमातीनं बुजून जातं. आत एक वयस्कर हवालदार आणि एक तरणा शिपाई. वर एक बारीक फट, तेवढंच ऊन. हवालदार म्हणतो, ओरडू नको, हवा संपते. मग तो पोरगा जेवणाच्या डब्याचं झाकण बाहीनं घासून घासून चकचकीत करतो आणि त्या फटीतून उन्हाचा कवडसा बाहेर मारत बसतो. शेवटी लोकांना तो दिसतो, ते येऊन दोघांना ओढून काढतात. अधिकारी विचारतो, "अंदर और कोई है?" हवालदार धापा टाकत म्हणतो, "नहीं साब. हम दो ही थे."

आणि मग कॅमेरा परत आत जातो. कोणी माणूस नाही जात, फक्त कॅमेरा. अंधारात, पार मागे, पडलेल्या फळ्यांच्या खालून एक हात बाहेर आलेला असतो. मनगटात कडं. शेजारी पालथा पडलेला पाण्याचा पेला. बोटं हळूच उघडतात... मिटतात. बस. पुढच्या शॉटला झेंडा.

मी बाबांची बाही ओढून थेटरात ओरडले होते, "बाबा, तो आत आहे ना! सांगा ना त्यांना!" अख्खं थेटर हसलं. बाबा नाही हसले. त्यांनी माझं डोकं कुशीत घेतलं आणि उरलेला सिनेमा मला पाहू दिला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या सिनेमाची लांबची आवृत्ती निघाली. आजकाल काय म्हणतात, एक्स्टेंडेड कट. मी लगेच डिस्क मागवली. वर्षातून एकदा तरी लावतेच. नवरा शेजारी बसतो आणि मध्यंतराच्या आतच घोरायला लागतो. पोरगी तर अशा सिनेमांकडे फिरकत नाही. मी एकटी जागी असते, तो सीन बघते, डोळे पुसते आणि टीव्ही बंद करते. हे नीट लक्षात ठेवा. मी तो सीन लहानपणी एकदा पाहिला आणि विसरले असं नाही, मी तो दर वर्षी बघत आले.

आता मे महिना. बाबांच्या जुन्या शेठचा पुतण्या ती इमारत विकत होता. त्यानं दादाला फोन केला, की तळघरात तुमच्या बाबांच्या अक्षरात नाव घातलेली पेटी आहे, न्यायची तर न्या, नाहीतर भंगारात जाईल. पेटीवरचं नाव त्याच सिनेमाचं! मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, मूर्तिजापूर, बडनेरा करत दादाच्या दारात हजर.

"येडी झाली का वं?" दादा म्हणाला. "चाळीस वर्षाच्या रिळा... काय चाटतं आता त्याईले?"

"तू नको येऊ. मी एकटी जाते."

"हो, आन पेटी पाठीवर आनशीन!"

दादाच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. उन्हात फिरू नको म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतात. वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, त्याईले काही उचलू देऊ नका हं." मी म्हटलं, काळजीच करू नको.

पेटीसाठी दादानं मोहल्ल्यातल्या राजूभाऊंचा लोडिंगचा ऑटो सांगितला होता. राजूभाऊ म्हणजे पन्नाशीचा, जाड मिशांचा, बोलघेवडा माणूस. रस्ताभर मला विचारत होते, ताई, बायका गाडी लवकर शिकतात का मानसं? मी म्हटलं बायका, कारण त्या ऐकून घेतात. ते हसले. गोडाऊनशी पोचल्यावर त्यांनी ऑटो कडुनिंबाच्या सावलीत लावला आणि म्हणाले, "तुमी पेटी काढा निवांत. मी जेवून येतो." माझा मोबाईल त्यांच्याच ऑटोत चार्जिंगला राहिला.

गोडाऊन म्हणजे मागच्या गल्लीतलं तळघर. शटर उचलायचं, चार पायऱ्या उतरायच्या. समोरच्या भागात पेट्या, वर रस्त्याच्या पातळीला गजांचा एक झरोका. मागे लोखंडी रॅक एकमेकांवर कोसळलेले आणि त्यांच्या पलीकडे काळाकुट्ट अंधार. लाइट केव्हाच कापलेली. आणि वास! जुनी रिळं कुजली की आंबट शिरक्यासारखा वास येतो, डोळ्यांतून पाणीच काढतो. दादा म्हणाला मागे जाऊ नको, विंचवाकाट्याचं घर आहे. मला तरी कुठे हौस होती!

पेटी शोधता शोधता घामाघूम झालो, शेवटी सापडली. मग शटर तसंच उघडं टाकून गल्लीच्या टोकाला रसवंतीवर जाऊन रस प्यायलो. परत आलो तर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. झळा आत येऊ नयेत म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं.

इथेच घोळ झाला. पुण्या-मुंबईच्या वाचकांना समजणार नाही, पण आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बाजार झोपतो. बाराच्या सुमारास जो तो अर्धं शटर ओढून घरी जातो, कूलरपुढे पडतो, तो थेट ऊन उतरल्यावर उगवतो. अर्धं शटर म्हणजे आत कोणी नाही. इमारतीचा राखणदार जेवायला निघाला, त्यानं अर्धं शटर पाहिलं, त्याला वाटलं गेली ही मंडळी. त्यानं पायानं शटर खाली दाबलं, कुलूप घातलं आणि गेला. त्याला तरी काय बोलणार? मी असते तर मीही तेच केलं असतं.

खडखडाट झाला, एकदम काळोख झाला. दादा ओरडला, "अबे ए! आत हावो आमी!" पण शेजारच्या दुकानाचा कूलर असा घरघरत होता की आमचंच आम्हाला धड ऐकू येत नव्हतं.

सुरुवातीला आम्ही हसलो, खरंच! मी म्हटलं, घे, तुला बंकरचा सीन पाहायचा नव्हता ना? दादा म्हणाला, "फोन लाव त्या पुतन्याले, लय झाला सीन." दादाच्या मोबाईलला तळघरात रेंज नव्हती. मी पेट्यांवर चढून हात झरोक्यापर्यंत नेला, एक काडी आली. फोन लावणार तोच स्क्रीनवर सूचना आली की मोबाईल फार तापला आहे, आणि तो बंदच पडला. पुन्हा चालू होईना. मग शटर बडवलं. हातांनी, पेटीच्या कड्यानं, चपलेनं. हाका मारल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. अमरावतीची मे महिन्यातली दुपार आहे हो, कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसतं.

राजूभाऊ जेवून येतील म्हणून वाट पाहिली, तेही आले नाहीत. हळूहळू हसू आटलं. शटर तापून असं झालं की हात लावला तर चटका बसायचा, आणि ती सगळी धग आत. पाण्याची बाटली एक, तीही अर्धी. मी दादाला सर्वात खालच्या पायरीवर बसवलं आणि पेटीच्या पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले. त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. मध्येच त्यानं डावा खांदा चोळला.

"काय होतंय?"

"काही नाई."

"दादा, खरं सांग."

"मले काही झालं तं वहिनीले सांग का पेटी मीनं नाई उचलली," तो म्हणाला, आणि हसायला गेला तर खोकला आला.

मला रडू फुटलं. माझ्या हट्टापायी आणलं होतं मी त्याला इथे. एका जुन्या सिनेमाच्या तुकड्यासाठी! मी पुन्हा उठले आणि शटरवर लाथा घालायला लागले, घसा फाटेपर्यंत ओरडायला लागले. चालवायला शिकवताना मी माणसांना सांगते, घाबरलात तरी पाय हलू देऊ नका. स्वतःवर आली तेव्हा माझे पाय शटरवर थांबतच नव्हते.

"वैजे," दादा म्हणाला, "वरडू नोको. हवा सरते."

मी थांबले. हवालदाराचं वाक्य! दादानं तो सीन पाहिलेला नाही, पण माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की ते वाक्य त्याच्याकडे आपोआप आलं असेल. असेल. मला मात्र त्या क्षणी एकदम पुढचा शॉट दिसला... झाकण.

झरोका पश्चिमेला होता. ऊन अजून झरोक्याच्या कट्ट्यावरच होतं, पेट्यांपर्यंत उतरायचं होतं. मी बाबांची पेटी फोडली. आत रिळांचे गोल पत्र्याचे डबे, बाहेरून गंजलेले. एकाचं झाकण उघडलं तर आतली बाजू नव्यासारखी. ती पदरानं घासली आणि ऊन उतरायची वाट बघत बसले. ती वाट बघणं मी जन्मात विसरणार नाही. दादाचं डोकं माझ्या गुडघ्यावर, त्याचा श्वास मोजल्यासारखा, आणि झरोक्याच्या कट्ट्यावरून ती उन्हाची पट्टी मुंगीच्या चालीनं आत येतेय. मी देवाला हाक मारली नाही, मी बाबांना मारली. मध्ये एकदा मला वाटलं आपण इथून निघत नाही, संध्याकाळी शटर उघडेल तेव्हा कोणीतरी वहिनीला फोन करेल. काय तोंड दाखवू मी तिला, असं वाटलं. मग वाटलं, तोंड दाखवायला मी तरी कुठे असणार आहे.

ऊन पेट्यांवर आलं तशी मी चढले आणि झाकण धरलं. कवडसा झरोक्यातून निघून समोरच्या घराच्या गच्चीवर गेला. मी तो हलवत राहिले. हात भरून आले, तरी हलवत राहिले. गच्चीवर साडीच्या सावलीत एक म्हातारी कुरड्या राखत बसली होती, हे मला कुठून माहीत असणार? कवडसा नेमका तिच्या डोळ्यात गेला असावा.

"कोन मेलं आरसा मारून राह्यलं रे! म्हाताऱ्या बाईले आरसा मारतं, लाज नाई वाटत? थांब, येतो खालतं!"

आयुष्यात इतकी गोड शिवी मी ऐकलेली नाही. "आजी!" मी किंचाळले, "आजी, आत कोंडलो आमी! माह्या भावाचं काळीज दुखून राह्यलं!"

मी एरवी घराबाहेर वऱ्हाडी फार बोलत नाही. तेव्हा दुसरं काही तोंडातून निघेचना.

म्हातारीनं मोहल्ला गोळा केला. कोणीतरी राखणदाराला झोपेतून ओढून आणलं. शटर वर गेलं आणि उजेड असा अंगावर आला की डोळेच उघडेनात. चार हातांनी दादाला वर घेतलं, ओट्यावर बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. मी त्याचा हात धरून होते. तो डोळे उघडून म्हणाला, "आता बरं हाये." राखणदार बिचारा रडकुंडीला आला होता. हात जोडून त्यानं विचारलं, "भाऊ... अजून कोनी हाये का आतमंधी?"

दादानं धापा टाकत मान हलवली. "नाई बाप्पा. आमी दोघंच होतो."

हेही हवालदाराचंच वाक्य!

काय झालं ते मला सांगता येत नाही. मला काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. फक्त एवढं कळलं की आता कॅमेरा आत जाणार, आणि माणूस कोणीच नाही जाणार. मी दादाचा हात सोडला आणि पायऱ्या उतरून पुन्हा त्या तळघरात धावले. मागून दादा ओरडत होता, "वैजे, पेटी राहू दे वं! मरू दे ती पेटी!" मी एकाच्या हातातली बॅटरी हिसकावून घेतली होती म्हणे, मला आठवत नाही. पडलेल्या रॅकखालून रांगत गेले. विंचू-बिंचू काही सुचलं नाही.

पार मागे, भिंतीशी, रॅकच्या फळ्यांखालून एक हात बाहेर आला होता. मनगटात कडं. शेजारी स्टीलचा पेला पालथा. आणि बोटं... उघडली, मिटली.

राजूभाऊ होते.

नंतर उलगडलं ते असं. आम्ही रस प्यायला गेलो तेव्हा राजूभाऊंना वाटलं, जेवायच्या आधी जरा थंडाव्याला पडावं. ऑटो तापला होता, तळघर त्यापेक्षा गार. पेल्यात पाणी घेऊन ते मागे जाऊन आडवे झाले, आम्हाला सांगायला आम्ही तिथे नव्हतो. त्यांना शुगर आहे. सकाळी गोळी घेतलेली, पोटात अन्न नाही, वरून तो वास आणि ती धग. झोपेतच शुगर उतरली आणि शुद्ध गेली. आमच्या लाथा, आमच्या हाका, त्यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. आणि आम्ही एवढा वेळ त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून एकमेकांना वारा घालत होतो.

दोघांनाही एकाच गाडीत सरकारी दवाखान्यात नेलं. दादाचं हृदय ठीक निघालं, उन्हानं अन् घाबरून झालेलं. राजूभाऊंना सलाईन लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते. राजूभाऊंची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. तिनं मला विचारलं, तुमाले कसं समजलं ताई? मी सांगितलं, सिनेमात होतं.

आता खरी गोष्ट.

दादा बरा झाल्यावर वहिनीला घेऊन अकोल्याला आला. म्हणाला, "दाखव मले तो सीन. जिंदगीभर आयकला, आता पायतो." मी डिस्क लावली. या वेळी नवरा जागा होता, पोरगीसुद्धा येऊन बसली. सिनेमा सुरू झाला, मी आधीच सांगत होते, हे बघा आता गोळा पडेल, आता बंकर बुजेल.

गोळा पडला. धूर झाला. झेंडा आला.

मी म्हटलं पुढे-मागे झालं असेल. पुन्हा लावलं. गोळा, धूर, झेंडा. नाही! बंकर नाही, हवालदार नाही, झाकण नाही. लांबच्यात जास्तीचं जे आहे ते म्हणजे नायिकेचं एक गाणं, मेसमधली थट्टामस्करी आणि एक लांबलचक कूच. इंटरनेटवरून दुसरी प्रत काढली, तीच गत. जुन्या सिनेमांच्या एका ग्रुपवर विचारलं. जाणत्या लोकांनी सांगितलं, असा सीन कुठल्याच आवृत्तीत नाही. एकानं तर हेही सांगितलं की त्या सिनेमात वयस्कर हवालदाराचं पात्रच नाही.

बाबांच्या पेटीतली रिळं? ती विरघळून, एकमेकांना चिकटून दगड झालीत. ज्याला दाखवली त्यानं हात जोडले, म्हणाला यातून एक चित्रही निघणार नाही.

पोरगी म्हणते, आई, लहानपणी घाबरून तू तो सीन मनानं रचलास आणि नंतर दर वर्षी डोळे मिटून तोच पाहिलास. राजूभाऊंचा डबा ऑटोच्या हँडलला लटकलेला होता, तो तुला बाहेर आल्यावर दिसला असणार, ते जेवायला गेलेच नाहीत हा हिशेब मनानं केला. असेल बाई. पण मी ऑटोकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, मी दादाकडे बघत होते. आणि कडं? पालथा पेला? हे मी राजूभाऊंना ओळखायच्या कितीतरी वर्षं आधीपासून सांगत आले, याला दादा साक्षी, वहिनी साक्षी, तिच्या लग्नाची पंगत साक्षी.

दिवाळीला मी अमरावतीला गेले तेव्हा राजूभाऊ दह्यातला गिलावडा घेऊन भेटायला आले. तब्येत छान. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यांनी विचारलं, "ताई, मले दाखवा ना तो सीन."

मी सांगितलं की तो सापडतच नाही.

"बरं. मंग सांगा तरी. त्या गड्याचं पुढं काय होते?"

"काही नाही. झेंडा येतो."

"म्हंजे त्याले काढाले कोनीच जात नाई?"

"नाही."

राजूभाऊंनी मनगटातलं कडं फिरवलं. मग म्हणाले, "मंग ज्यानं तो कापला ना ताई, त्यानं लय बरं केलं."

दादा लगेच टाळी वाजवून म्हणाला, "मी काय सांगून राह्यलो चाळीस वर्षापासून! छोटाच चांगला!" सगळे हसले. मीही हसले. कापणारे आमचे बाबा होते, हे त्या वेळी माझ्या तोंडून निघालं नाही. नऊ वर्षांची पोर थेटरात बाही ओढून ओरडली होती, सांगा ना त्यांना. बाबांनी तेव्हा नेमकं काय कापलं आणि कुठे ठेवलं, हे विचारायला आता बाबा नाहीत.

याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर खाली लिहा, पण ते मेंदूचं-बिंदूचं पोरीकडून ऐकून झालंय. मला अजूनही लांबचाच आवडतो. अजूनही लावते. आता नवरा झोपत नाही. त्या जागेपाशी आलं की आम्ही दोघं टक लावून बघतो. गोळा पडतो, धूर होतो, झेंडा येतो, आणि मी टीव्ही बंद करते.